रेड डॉटमागचा दुर्बीणवाला

बीजीएमआय खेळताना एखाद्या पडक्या घरात शिरून रेड डॉट सापडला का, असं मित्राला ओरडून विचारलंय? विचारलंच असणार. गेममध्ये ते एका सेकंदाचं काम असतं. उचललं, बंदुकीवर टाकलं, झालं. काचेच्या छोट्या खिडकीत लाल ठिपका दिसतो आणि ठिपका जिथे, गोळी तिथे.

खऱ्या जगातही हे प्रकरण सध्या जोरात आहे. अमेरिकेतल्या पिस्तूलवाल्यांचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधीतरी आलेच असतील. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, काढायचा. कंपनीच्या मूळ स्लाइडवर डॉट बसवायला जागाच नसेल, तर दुसऱ्या कुणीतरी बनवलेली, वरून सपाट खाच पाडलेली स्लाइड विकत घ्यायची आणि त्या खाचेत डॉट स्क्रूने बसवायचा. ऐकायला सोपं, पण भानगडी बऱ्याच. डॉटच्या तळाचे आकार वेगवेगळे, त्यामुळे खाच एकाची आणि डॉट दुसऱ्याचा असं नेहमी जमत नाही. शिवाय प्रत्येक गोळीगणिक स्लाइड जोरात मागे जाते, पुढे येते आणि वरचा डॉटही तिच्याबरोबर धक्के खातो. स्क्रू नीट पक्का केला नसेल तर ठिपका हळूच जागा सोडतो आणि नेम चुकतोय हे माणसाला कळतही नाही. आपल्याकडे शस्त्र परवान्याचा कायदा कडक असल्यामुळे हे सगळं आपण स्क्रीनवरच बघतो, ते एक बरंच आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हा लाल ठिपका कुणाच्या डोक्यातून आला? कुठल्या बंदूकवाल्याच्या किंवा सेनापतीच्या डोक्यातून नाही. डब्लिनमध्ये बसून जगभरच्या वेधशाळांना दुर्बिणी पुरवणाऱ्या एका माणसाच्या डोक्यातून, आणि तोही १९०० साली. त्याचं नाव हॉवर्ड ग्रब. ऑलिम्पिकमधला पिस्तूलवाला, पुण्यातला तारे बघणारा प्राध्यापक, पाणबुडीतला कॅप्टन आणि आइन्स्टाइन, या सगळ्यांशी या माणसाचा कुठे ना कुठे संबंध येतो. तरी नाव ऐकलं नव्हतं ना? मीही बराच उशिरा ऐकलं.

हॉवर्डचा जन्म १८४४ चा, डब्लिनचा. वडील थॉमस ग्रब हे हाताने काम करून मोठे झालेले यंत्रकारागीर. लोखंडी बिलियर्ड टेबलं बनवायची, बँक ऑफ आयर्लंडसाठी नोटा छापायची यंत्रं बनवायची आणि उरलेल्या वेळात दुर्बिणी, असा त्यांचा कारभार. दुर्बिणीचा नाद इतका वाढला की तोच धंदा होऊन बसला. हॉवर्ड ट्रिनिटी कॉलेजमध्ये सिव्हिल इंजिनीअरिंग शिकत होता. तुमच्याच वयाचा. आणि तेवढ्यात वडिलांना आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराला दक्षिण गोलार्धातली सगळ्यात मोठी दुर्बीण हवी होती. आरसा चार फूट व्यासाचा. त्या काळी आरसा काचेचा नाही, तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा असायचा. टनाहून जड असं ते धड वितळवायचं, ओतायचं, मग आठवडेच्या आठवडे हळूहळू थंड होऊ द्यायचं. घाई केली की तडा गेलाच. हॉवर्डने १८६५ मध्ये शिक्षण अर्धवट सोडलं आणि या कामावर देखरेख करायला उभा राहिला. वय वर्षं एकवीस. घरच्या धंद्यासाठी कॉलेज सोडलेला एखादा मित्र तुमच्याही वर्गात असेल. त्याचं पुढे काय होतं, हे कामावर अवलंबून असतं तसंच नशिबावरही. हॉवर्डच्या बाबतीत तर नशिबाने भलतीच थट्टा मांडली.

दुर्बीण १८६८ मध्ये तयार झाली. डब्लिनला येऊन तज्ज्ञांनी तपासली, वाखाणली. मग जहाजातून ती मेलबर्नला गेली. प्रवासात आरसे काळवंडू नयेत म्हणून त्यांना लाखेच्या व्हार्निशचा थर दिला होता. तिथे पोचल्यावर तो थर काढताना आरशाची झळाळी गेली. धातूचा आरसा पुन्हा घासून चकचकीत करणं हे जवळजवळ नवा आरसा बनवण्याइतकंच कठीण, आणि ती कला जाणणारी माणसं डब्लिनमध्ये, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्यात दुर्बिणीवरचं छप्पर सरकवून बाजूला करायचं असल्यामुळे ती भलीमोठी नळी उघड्यावर वाऱ्यात थरथरायची. तिच्याकडून ज्या अपेक्षा होत्या त्या पुऱ्या झाल्याच नाहीत. पुढची कित्येक वर्षं मेलबर्नची दुर्बीण म्हणजे फसलेल्या प्रकल्पाचं उदाहरण म्हणून सांगितली जायची. या अपयशामुळे मोठ्या आरशांच्या दुर्बिणींवरचा लोकांचा विश्वासच उडाला, असं म्हणणारेही निघाले.

आता विचार करा. तुमचा पहिलाच प्रोजेक्ट, त्यात वडिलांचं नाव पणाला लागलेलं आणि त्याची ही अशी ख्याती. दोष नक्की कुणाचा, यावर भांडणं झाली. लाखेचा थर ही ग्रबची सूचना, ती काढण्याची पद्धत तिथल्या माणसांची, छपराचा निर्णय आणखी कुणाचा. माझं मत विचाराल तर यंत्र चांगलं होतं, जमाना बदलत होता. काचेवर चांदीचा पातळ थर देऊन आरसे करायची रीत तेव्हाच नव्याने येत होती आणि धातूच्या आरशांचे दिवस भरत आले होते. त्या सगळ्या लोखंडी सांगाड्याचं पुढे काय झालं माहितीये? तो विसाव्या शतकात कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रोमलो वेधशाळेने घेतला, त्यात काचेचा आरसा बसवला, आणि १९९० च्या दशकात त्याच दुर्बिणीने अदृश्य पदार्थाचा, म्हणजे डार्क मॅटरचा शोध घेणाऱ्या एका मोठ्या प्रकल्पात काम केलं. सव्वाशे वर्षांनी! २००३ च्या वणव्यात वेधशाळा जळाली तेव्हा ती दुर्बीणही सापडली, पण जाड लोखंडी भाग बचावले आणि ते जोडून ती पुन्हा उभी करायचं काम हाती घेतलं गेलं.

हॉवर्डने यातलं काही बघितलं नाही. त्याला फक्त टीका ऐकू येत होती. दुसरा कुणी असता तर बँकेच्या नोटांच्या यंत्रांकडे परत गेला असता. या गड्याने १८७० च्या दशकात डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात नवा, मोठा कारखाना काढला आणि व्हिएन्नाच्या वेधशाळेसाठी सत्तावीस इंची भिंगाची दुर्बीण करायला घेतली. इथेही वाट बघणं आलंच. एवढ्या मोठ्या, बुडबुडा नसलेल्या काचेच्या चकत्या पॅरिसच्या कारखान्यातून मिळवण्यातच वर्षं गेली. पण दुर्बीण झाली आणि त्या वेळची ती जगातली सगळ्यात मोठी भिंगाची दुर्बीण ठरली. १८८३ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १८८७ मध्ये सर झाला. मेलबर्नचा डाग पुसायला जवळजवळ वीस वर्षं लागली.

त्यानंतर कामांची रांगच लागली. ग्रिनिचसाठी अठ्ठावीस इंची. सगळ्या आकाशाचे फोटो काढून नकाशा करायची एक आंतरराष्ट्रीय योजना निघाली होती, तिच्यासाठी ऑक्सफर्डपासून मेलबर्नपर्यंतच्या वेधशाळांना एकसारख्या कॅमेरा-दुर्बिणी. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचं दुर्बिणीचं काम अमेरिकन कंपनीला गेलं, पण निरीक्षकाने शिडीवर लटकण्याऐवजी वेधशाळेची जमीनच लिफ्टसारखी वर-खाली करावी ही कल्पना ग्रबची, ती मात्र त्यांनी उचलली.

आणि पुणे. हो, पुणे. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून आणि मुंबई सरकारने घातलेल्या तितक्याच रकमेतून त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली. ती १८८८ मध्ये सुरू झाली. तिचं नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, आणि तिथली वीस इंची आरशाची मुख्य दुर्बीण ग्रबच्या कारखान्याची. ती कित्येक दशकं भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. सीओईपीच्या मुलांनो, तुमच्या कॉलेजात हे कुणी सांगितलं होतं का? हैदराबादच्या निजामिया वेधशाळेतही ग्रबची पंधरा इंची दुर्बीण होती.

बरं, तर ठिपका.

तुमच्यातलं कुणी एनसीसीत असेल आणि पॉइंट टू टू रायफल धरली असेल, तर ग्रबचा प्रश्न त्याला चटकन कळेल. नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. डोळ्याजवळची मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं लक्ष्य. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. माशी स्पष्ट दिसली की लक्ष्य धूसर, लक्ष्याकडे बघितलं की माशी धूसर, आणि खाच तर कायमच धूसर. चांगले नेमबाज वर्षानुवर्षं हेच शिकतात की माशीवर नजर ठेवा, लक्ष्य धूसर राहू द्या. कोल्हापूरची राही सरनोबत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात एशियाडचं सुवर्ण घेऊन आली, ती याच खाच-माशीवर. ऑलिम्पिकच्या पिस्तूल स्पर्धांत आजही रेड डॉट चालत नाही.

ग्रबने हा प्रश्न दुर्बीणवाल्याच्या डोक्याने बघितला. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात, आणि भिंग ते समांतर किरण एका बिंदूपाशी, नाभीपाशी, गोळा करतं. आता हेच उलटं करा. भिंगाच्या नाभीपाशी एक उजळलेली खूण ठेवा, तर तिच्यापासून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतील. म्हणजे डोळ्याला ती खूण ताऱ्याइतकी लांब असल्यासारखी वाटेल. मग ते किरण एका तिरप्या साध्या काचेवर पाडा. काच थोडा प्रकाश परावर्तित करते आणि तिच्यातून पलीकडचंही दिसतं. रात्री एसटीच्या खिडकीत बाहेरचा रस्ता आणि आपलाच चेहरा एकावर एक दिसतो ना, तसंच. काचेतून समोरचं लक्ष्य दिसतं आणि त्यावर खूण तरंगते. दोन्ही लांब, दोन्ही एकाच वेळी स्पष्ट. खाच नको, माशी नको.

यातली खरी करामत पुढे आहे. किरण समांतर असल्यामुळे डोकं थोडं इकडेतिकडे हललं, डोळा काचेच्या मधोमध नसला, तरी खूण लक्ष्यावरून हलत नाही. आणि लक्षात घ्या, हा लेझर नाही. लक्ष्यावर कुठलाही ठिपका पडत नाही, समोरच्याला काहीच दिसत नाही. ठिपका फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. हे अनेकांना आजही कळत नाही. गेम खेळणाऱ्या माझ्या भाच्याला समजावताना मला आरसा आणि टॉर्च काढावी लागली.

ग्रबने १९०० मध्ये पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी रॉयल डब्लिन सोसायटीच्या नियतकालिकात त्याने मोठ्या तोफांपासून छोट्या बंदुकांपर्यंत हे कसं वापरता येईल ते सविस्तर मांडलं. पण कल्पना काळाच्या फार पुढे होती. खूण उजळवायला एलईडी नव्हता. डोळा, भिंग, काच हे सगळं बंदुकीवर बसेल इतकं लहान आणि धक्का सोसेल इतकं दणकट करणं तेव्हा सोपं नव्हतं. गंमत म्हणजे, जवळपास त्याच सुमारास जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन माणसाने सरकत्या स्लाइडचं पिस्तूल तयार केलं आणि बेल्जियमच्या कारखान्याने ते मॉडेल १९०० म्हणून विकलं. एकाने स्लाइड केली, दुसऱ्याने ठिपका. या दोन वस्तू एकमेकींवर बसायला पुढची कित्येक दशकं जावी लागली.

ग्रबकडे मात्र बंदुकीपेक्षा मोठं गिऱ्हाईक आलं. ब्रिटिश नौदलाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणबुड्या घ्यायला सुरुवात केली होती. पाण्याखालून वरचं बघायचं कसं? पेरिस्कोप म्हणजे तरी काय, दोन ठिकाणी काटकोनात वळवलेली दुर्बीणच. ग्रबने ती बनवली, सुधारली, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पाणबुड्यांचे बहुतांश पेरिस्कोप त्याच्याच कारखान्यातून गेले. तारे बघायच्या दुर्बिणींच्या ऑर्डरी बाजूला पडल्या. रशियाच्या सिमेईझसाठी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गसाठी युद्धाआधीच मागवलेल्या मोठ्या दुर्बिणी पोचायला १९२५ उजाडलं.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. ज्या कारखान्यात आकाशाच्या नकाशाची भिंगं घासली, तिथेच आता बोटी बुडवणाऱ्यांचे डोळे तयार होत होते. त्याला याचं काय वाटलं असेल, यावर मी अंदाज करणार नाही. पण कारखान्यातल्या कारागिरांच्या पगाराची सोय नौदलाच्या ऑर्डरीतूनच होत होती हेही खरंच. आणि त्याचा ठिपका? तो युद्धात पहिल्यांदा चमकला तो शत्रूकडे. १९१८ मध्ये बर्लिनच्या ओइगे कंपनीने त्याच तत्त्वावर नेम धरायचं साधन बनवलं आणि ते मोजक्या जर्मन लढाऊ विमानांवर बसलं.

तोवर ग्रबचं डब्लिन सुटत चाललं होतं. १९१६ च्या ईस्टरला शहरात बंड झालं. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. एवढा महत्त्वाचा कारखाना आयर्लंडमध्ये ठेवणं सरकारला धोक्याचं वाटायला लागलं. मग अवजड यंत्रं, अर्धवट घासलेली भिंगं, कारागीर, सगळंच इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सला हलवायचं ठरलं. हे स्थलांतर रेंगाळलं आणि नीट बस्तान बसेपर्यंत युद्धच संपलं. नौदलाच्या ऑर्डरी आटल्या. वेधशाळांकडे पैसा नव्हता. हॉवर्ड तेव्हा पंचाहत्तरीला टेकला होता. ज्या वयात माणूस नातवंडांबरोबर बसतो, त्या वयात परक्या गावात कर्जाचे हिशेब.

आणि नेमक्या याच वर्षात, १९१९ मध्ये, बघा काय झालं. २९ मे ला खग्रास सूर्यग्रहण होतं. सूर्याजवळून जाताना ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनचं म्हणणं तपासायला इंग्लंडहून दोन तुकड्या गेल्या. आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर, दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्रालला. एडिंग्टनकडे ऑक्सफर्डच्या कॅमेरा-दुर्बिणीचं भिंग होतं. सोब्रालला ग्रिनिचचं तसंच भिंग होतं, आणि जादा म्हणून आयर्लंडहून उसनं आणलेलं चार इंची भिंग. तिन्ही ग्रबची. सोब्रालला उन्हाने आरसा तापून मोठ्या भिंगाचे फोटो बिघडले. सगळ्यात चांगल्या प्लेट्स मिळाल्या त्या त्या जादा घेतलेल्या छोट्या चार इंची भिंगातून. नोव्हेंबरमध्ये लंडनला निकाल जाहीर झाला आणि आइन्स्टाइन रातोरात जगप्रसिद्ध झाला. भिंग घासणाऱ्याचं नाव बातम्यांत येत नसतं.

कारखाना १९२५ मध्ये दिवाळखोरीत गेला. तो विकत घेतला चार्ल्स पार्सन्सने, म्हणजे वाफेची टर्बाइन शोधून काढणाऱ्या माणसाने. त्याचे वडील लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये सहा फुटी आरशाची अजस्र दुर्बीण उभारली होती. एका आयरिश दुर्बिणी घराण्याचा धंदा दुसऱ्याच्या हातात गेला म्हणा ना. पार्सन्सने कारखाना न्यूकॅसलला नेला आणि नावातलं ग्रब तसंच ठेवलं. त्या ग्रब-पार्सन्स कंपनीने पुढे साठ वर्षं दुर्बिणी केल्या. ला पाल्मा बेटावरची ४.२ मीटरची विल्यम हर्षल दुर्बीण हे त्यांचं शेवटचं मोठं काम.

हॉवर्ड मात्र निवृत्त होऊन डब्लिनजवळ समुद्राकाठच्या मंक्सटाउनला परतला. १९३१ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी तो गेला. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांच्या पायलटसमोर जी काच होती आणि तिच्यावर जी उजळ खूण तरंगायची, ती त्याने बघितली नाही. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडी वापरून पहिला खरा लाल ठिपका बाजारात आणला, तो तर नाहीच. त्यानंतरही पिस्तूलवाल्यांना बरीच वर्षं डॉट स्लाइडवर बसवता येत नव्हता, धक्क्याने त्याची वाट लागायची. म्हणून स्पर्धेतले लोक तो खालच्या न हलणाऱ्या भागाला कंस लावून बसवायचे. वस्तू लहान आणि चिवट झाली तेव्हा कुठे ती स्लाइडवर चढली. आणि चढली तर नवीनच तक्रार! पिस्तूल उचललं की ठिपका खिडकीत दिसतच नाही. मनगट जरा वाकडं असलं की गेला कुठेतरी. सुरुवातीला सगळे जण पिस्तूल हलवत ठिपका शोधत बसतात. काहीजण तर सवय होईपर्यंत, आणि बॅटरी संपलीच तर असू दे म्हणून, उंच खाच-माशीही सोबत ठेवतात. ग्रबने जी काढून टाकायला निघाला होता, तीच.

रॅथमाइन्समधला कारखाना गेला, पण ज्या गल्लीत तो होता तिचं नाव अजूनही ऑब्झर्व्हेटरी लेन आहे. मॅपवर टाकून बघा. आता तिथे क्रिकेट क्लबचं मैदान दिसेल.